गल्ली वाचवा (आमची इमारत वगळून)

एरंडवण्यातल्या आमच्या गल्लीला नाव नाही, नंबर आहे. अलीकडे तिला एक बचाव समितीही आहे. समितीची स्थापना रविवारी सकाळी साडेदहाला झाली, म्हणजे पोहे झाल्यावर आणि जेवणाआधी. पुण्यात क्रांतीला एवढाच वेळ मोकळा सापडतो. निमित्त होतं कोपऱ्यावरचा बंगला पाडून तिथे येऊ घातलेला टॉवर. टॉवर म्हणजे पार्किंगवर सात मजले. मुंबईकर याला बैठी चाळ म्हणतील. पण आमच्या गल्लीला मान वर करून बघायची सवय नाही, आम्ही फार तर चष्म्याच्या वरून बघतो.

अध्यक्षपदी पाटबंधारे खात्यातले एक निवृत्त अधीक्षक अभियंता एकमताने निवडले गेले, कारण सरकारी पत्रात 'विषय' आधी की 'संदर्भ' आधी, हे फक्त त्यांनाच ठाऊक आहे. चिटणीसपद बँकेतून निवृत्त झालेल्या एका वहिनींकडे गेलं. खजिनदाराची निवड पुढे ढकलली, कारण वर्गणीचा विषय निघताच तिघांना गॅसवर ठेवलेलं दूध आठवलं.

समितीचं ध्येय एका वाक्यात लिहायचं ठरलं: 'परिसराचं मूळ स्वरूप जपणे.' वाक्य सगळ्यांना आवडलं. तेवढ्यात मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "मूळ म्हणजे कोणत्या सालचं?"

असले प्रश्न विचारणारी माणसं प्रत्येक सभेत असतात, आणि त्यांना चहा शेवटी मिळतो.

अध्यक्षांच्या मते मूळ स्वरूप 1986 चं. त्या साली त्यांना ब्लॉकचं पजेशन मिळालं. समोरच्या बंगल्याचे मालक म्हणाले, छे, 1958. वडिलांनी वास्तुशांत केली तेव्हा गच्चीवरून पर्वती दिसायची. एक आयटीतलं जोडपं नम्रपणे म्हणालं, आम्ही 2021 मध्ये आलो तेव्हाची गल्ली खरंच खूप छान होती. तात्पर्य, परिसराचं स्वरूप प्रत्येकाच्या टेम्पोतून शेवटचं कपाट उतरलं त्या संध्याकाळी पूर्ण झालं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जो आला त्याने ते बिघडवायला सुरुवात केली.

खरं तर मूळ शोधायचंच झालं तर एरंडवणे हे गाव होतं. इथे शेतं होती, बागा होत्या. त्यांचे प्लॉट पडले तेव्हा शेतकऱ्यांनी परिसर बचाव समिती काढल्याची नोंद आमच्यापैकी कुणाच्याही आजोबांच्या रोजनिशीत नाही. 1933 साली प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून इथे आली. शांत माळावर तोंडाला रंग फासलेली माणसं, घोडे, रात्री-बेरात्री लखलखणारे दिवे! तेव्हाही कुणी ना कुणी नाक मुरडलंच असेल. पुढे रस्त्यालाच कंपनीचं नाव मिळालं, आणि आता तेच नाव पत्त्यात घालता यावं म्हणून चौरस फुटामागे काय दर मोजावा लागतो हे आम्ही पाहुण्यांना न विचारता सांगतो.

आमची इमारत तरी कुठे आकाशातून पडली? 1970 मध्ये अपार्टमेंट मालकीचा कायदा आला. पुढच्या दीड-दोन दशकांत भावाभावांच्या वाटण्या झाल्या आणि इथले बंगले एकेक करून पडले. त्यांच्या जागी लिफ्ट नसलेल्या तीन मजली इमारती आल्या, आणि त्यांना पाडलेल्या बंगल्याचं किंवा बंगल्यातल्या आईचं नाव लागलं. आमची त्यातलीच एक. ती उभी राहत होती तेव्हा शेजारच्या बंगल्यातल्या आजींनी तुळशीवृंदावन उचलून घराच्या दुसऱ्या अंगाला नेलं, आमच्या गॅलऱ्यांतून पूजा दिसू नये म्हणून. हा किस्सा आजींच्या नातवाने सभेत सांगितला. इतिवृत्तात तो घेतलेला नाही.

आता सात मजले येतात कुठून, हे समजून घ्यायला हवं. कारण सभेत त्याचं श्रेय बिल्डरला, नगरसेवकाला, परप्रांतीयांना आणि एकदा कलियुगालाही देण्यात आलं. खरं कारण दीड मीटरचं आहे.

3 डिसेंबर 2020 पासून मुंबई आणि थोडे अपवाद सोडून सगळ्या महाराष्ट्राला एकच बांधकाम नियमावली लागू झाली. तिच्यानुसार पुण्यात समोरचा रस्ता नऊ मीटरपेक्षा अरुंद असेल तर एफएसआय 1.10. म्हणजे हजार चौरस मीटरच्या प्लॉटवर अकराशे चौरस मीटर बांधा आणि गप्प बसा. रस्ता नऊ मीटरचा झाला की सरकारला प्रीमियम भरून आणि बाजारातून टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेचा विकाऊ बांधकाम-हक्क, आणून तोच आकडा 2 होतो. वर जिने, लिफ्ट, बाल्कनी वगैरेंसाठी पैसे भरून आणखी 60 टक्के. हिशेब करा: सहा मीटरच्या गल्लीत 1,760 चौरस मीटर, नऊ मीटरच्या गल्लीत 3,200. मधले 1,440 चौरस मीटर कशाच्या बदल्यात? रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या मालकांनी आपापल्या कुंपणातून सोडलेल्या दीड-दीड मीटरच्या पट्टीच्या बदल्यात. कर्णाने कवचकुंडलं दिली त्या व्यवहारात त्याला इतका परतावा मिळाला नव्हता.

म्हणून तर जून 2020 मध्ये, नियमावली येण्याच्याही आधी, पुण्याच्या स्थायी समितीने सहा मीटरचे 323 रस्ते नऊ मीटर करायला मंजुरी देऊन टाकली. सगळं शहर तेव्हा तोंडाला मास्क बांधून घरात बसलं होतं. वाद झाला, पत्रकं निघाली, राजकीय पक्षांनी एकमेकांवर आरोप केले. गंमत अशी की रस्ते रुंद करा अशी मागणी त्या रस्त्यांवरून चालणाऱ्या कुणी केल्याचं ऐकिवात नव्हतं. रस्त्याला रुंद व्हायचं नव्हतं, इमारतींना उंच व्हायचं होतं.

आणि रस्ता रुंद होतो तो तरी कसा? एका झटक्यात नव्हे. कागदावर रेषा मारली जाते, आणि जो जेव्हा बांधकाम पाडेल तेव्हा त्याने आपल्यापुरती पट्टी सोडायची. त्यामुळे अशा गल्ल्या काही पावलं नऊ मीटर, पुढे सहा, एका बाजूने साडेसात, परत सहा अशा असतात. रुंद तुकड्यात माणूस स्कूटरला कट मारून पुढे निघतो आणि अरुंद तुकड्यात दूधवाल्याची माफी मागतो. सोडलेल्या पट्ट्यांचाही सदुपयोग होतो. एकीवर कायमची एक मोटार उभी असते, दुसरीवर अमृततुल्य चहा येतो, तिसरीवर 'माननीयांच्या विकासनिधीतून' एक बाक बसतो, आणि त्यावर बसायच्या जागेपेक्षा माननीयांच्या नावाला जागा जास्त असते. अग्निशमनाच्या बंबाला नऊ मीटर सलग मिळतील, बहुधा आमच्या पतवंडांना.

इथवर मी चेष्टा केली, पण एका मुद्द्यावर समितीच्या बाजूने उभं राहायलाच हवं, आणि तो मुद्दा अध्यक्षांचा. माणूस आयुष्यभर कालव्यांत वावरलेला. तो म्हणाला, नियमावली रस्त्याची रुंदी विचारते, रस्त्याखालच्या नळीचा व्यास विचारत नाही. एका बंगल्यात पाच माणसं राहायची. तिथे आता तीस-बत्तीस फ्लॅट येणार, प्रत्येकाला दोन किंवा तीन न्हाणीघरं. ड्रेनेजची लाइन मात्र वाड्यांतून नवी बाहेर पडलेली माणसं एका बादलीत अंघोळ करायची त्या काळातली. पंप बसवून पाणी वर चढवता येतं, पण खाली आलेल्या पाण्याचं काय करणार? ते पावसाळ्यात तळमजल्यावरच्या मोरीतून परत येतं. सतराशे साठ आणि बत्तीसशे या आकड्यांच्या मध्ये कुठेतरी एका सरकारी तक्त्यात नळीसाठीही एक रकाना असायला हवा होता. तो नाही. या एका कारणासाठी मी समितीच्या पत्रावर सही केली आहे, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

चिटणीस वहिनींचा मुद्दा उन्हाचा होता. टॉवर आमच्या पूर्वेला. सकाळचं ऊन उशिरा येणार, मग कुरडया वाळवायच्या कधी? पुरुष मंडळी हसली. हसण्यासारखं काही नव्हतं. गच्चीवर सोलर बंब आहे, त्याच्यासाठी सोसायटी मिळकतकरात सवलत घेते, आणि यापुढे तो बंब सावलीत बसून सवलत खाणार. गल्लीतल्या वकिलांनी खुलासा केला की 1882 च्या ईझमेंट कायद्यात वीस वर्षं सलग येत असलेल्या उजेडाचा हक्क आहे. सभेत टाळ्या. मात्र तो हक्क इमारतीत खिडकीतून येणाऱ्या उजेडाला आहे, कुरडयांना नाही. टाळ्या ओसरल्या. आणि आपल्या पूर्वेच्या खिडक्या 2004 साली सोसायटीनेच ग्रिल आणि पत्रे लावून बंद करायला परवानगी दिली, असंही ते म्हणाले. वकील पुन्हा बोलले नाहीत, म्हणजे त्यांना बोलू दिलं नाही.

मग आंब्याचा विषय निघाला. बंगल्याच्या आवारात जुना हापूस आहे. म्हणजे फळ रायवळ, पण मालक हापूस म्हणायचे. झाड तोडायच्या परवानगीची नोटीस त्याच झाडाला खिळ्याने ठोकली होती. फाशीचा हुकूम कैद्याच्याच छातीवर डकवण्याची ही पद्धत फक्त वृक्षखात्यातच उरली असावी. 2021 च्या दुरुस्तीनंतर पन्नाशी ओलांडलेलं झाड वारसा वृक्ष ठरतं, आणि एखादं झाड तोडायचं तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावावी लागतात. अर्जात आंब्याचं वय लिहिलं होतं एकोणपन्नास. वधूवर सूचक मंडळात नाव घालतानाच माणसं असे आकडे लिहितात. पण मागच्या बंगल्यातल्या काकू म्हणाल्या, तो पानशेतच्या वर्षी लावलाय. पुण्यात यावर अपील नाही. 12 जुलै 1961 ला धरण फुटलं, आणि त्यानंतर शहरातली निम्मी बाळंतपणं, मुंजी आणि झाडं त्याच तारखेच्या आगेमागे मोजली जातात. आंबा साठीच्या पुढचा निघाला. समितीचा हा पहिला आणि आजवरचा एकमेव विजय. बिल्डरने साठाच्या वर रोपं लावायची तयारी दाखवली आहे, जिथे जागा असेल तिथे, म्हणजे या गल्लीत नव्हे.

सभा 'परिसराच्या आत्म्यावरील घाला सहन करणार नाही' या ठरावाने संपली. फलक गुंडाळला नाही, कारण त्याच सभागृहात संध्याकाळी सहाला दुसरी सभा होती आणि फलकाच्या मागच्या बाजूला तिचा मजकूर होता: 'सोसायटीची विशेष सर्वसाधारण सभा. विषय: पुनर्विकासासाठी विकसकाची निवड.'

कायदेशीर मामला आहे, नाक मुरडायचं कारण नाही. सहकार कायद्याच्या कलम 79अ खाली शासनाने 4 जुलै 2019 ला सुधारित निर्देश काढले. एकूण सभासदांपैकी 51 टक्क्यांची संमती पुरते. आणि गरजही खरी आहे. तिसऱ्या मजल्यावरचे दोन सभासद गुडघ्यांमुळे दिवाळी ते गुढीपाडवा घरातच असतात. मतदानाला त्यांना खुर्चीत बसवून उतरवतात. स्लॅब गळते, गज दिसतात, पावसाळ्यात भिंतीला हात लावला की माणूस शुद्धीवर येतो. चाळीस वर्षांच्या इमारतीचं दुसरं काय होणार?

पण सकाळचीच माणसं, त्याच खुर्च्यांवर, संध्याकाळी काय बोलत होती ते ऐकण्यासारखं होतं. सभासदांना हवं आहे 35 टक्के जास्त कार्पेट, घरटी पार्किंग, तीन वर्षांचं भाडं, वर कॉर्पस. हे सगळं बिल्डर खिशातून देत नाही, वरच्या मजल्यांवरचे फ्लॅट विकून देतो. म्हणजे वर मजले हवेतच. सकाळी 'गगनचुंबी अतिक्रमण' हा शब्द वापरणारे अध्यक्ष नकाशावर पट्टी ठेवून विचारत होते, "मागे मार्जिन थोडं कमी केलं तर आठवा मजला बसत नाही का?" ड्रेनेजचं विचारलं तर म्हणाले, ते महापालिका बघेल. आमच्या आवारात एक जांभूळ आहे. ते सकाळपर्यंत ऑक्सिजनचा कारखाना होतं. संध्याकाळी कुणाच्या तरी लक्षात आलं की ते तसं वठलेलंच आहे आणि त्याचा पाला गटारात जातो. उन्हाबद्दल वहिनी म्हणाल्या, "नव्या घरात ड्रायर घेऊ. आणि कुरडया हल्ली चितळ्यांकडे चांगल्या मिळतात." मागच्या इमारतीवर आपली सावली पडेल त्याचं काय, असं त्या मागच्या रांगेतल्या माणसाने विचारलं. त्याला संध्याकाळी चहा मिळालाच नाही.

हे फक्त पुण्याचं आहे असं समजून दादरकरांनी खूश होऊ नये. 2012 साली मुंबईच्या नव्या वारसा यादीत शिवाजी पार्क परिसराचं नाव आलं. आर्ट डेको गोलाकार गॅलऱ्या, मैदानाभोवती एका उंचीच्या इमारती, समुद्राचा वारा; वारसा म्हणावा असं सगळं. रहिवाशांनी पेढे वाटले का? विरोधाच्या सभा भरवल्या. वारशाचा शिक्का बसला तर उंचीवर बंधनं येणार, आणि पुनर्विकास अडकणार. भाड्याच्या जुन्या इमारतींतल्या माणसांची भीती खोटी नव्हती, हे मान्य. पण परिसराचा वारसा म्हणजे शेजारच्या इमारतीने सांभाळायची गोष्ट, हे तत्त्व मुळा-मुठेच्या काठावर शोधलं गेलं की माहीमच्या खाडीवर, याचा वाद दोन्ही शहरांनी आपसात मिटवावा.

नागरिक एक होतच नाहीत असंही नाही. बालभारती ते पौड फाटा रस्ता वेताळ टेकडीवरून जाणार म्हटल्यावर एप्रिल 2023 मध्ये हजारो पुणेकर उन्हात रस्त्यावर उतरले. पेठेतले, कोथरूडमधले, औंधचे, एकमेकांना एरवी पत्ताही सांगत नाहीत असे. टेकडीवर एकमत झालं, कारण टेकडीवर कुणाला कार्पेट मिळणार नव्हतं.

कोपऱ्यावरच्या टॉवरला हरकत घ्यायची तर ती कुठे घ्यायची, हा पुढचा पेच. वकिलांना पुन्हा बोलावलं गेलं. त्यांनी सांगितलं की एखाद्या इमारतीची परवानगी नियमात बसत असेल तर ती देण्याआधी शेजाऱ्यांना विचारायची पद्धत आपल्याकडे नाही. हरकती-सूचना मागवतात त्या नियम बदलताना. या नियमावलीचा मसुदाही रीतसर राजपत्रात छापून हरकती मागवल्या होत्या. अध्यक्षांनी विचारलं, मग आपण तेव्हा का नाही दिली? सभेत शांतता पसरली. राजपत्र वाचणारा माणूस पुण्यातही विरळा. इथे लोक लग्नपत्रिकेतली शुद्धलेखनाची चूक काढतात, पण राजपत्रातला दीड मीटर त्यांच्या नजरेतून सुटला. नगरसेवकाला धरावं तर मार्च 2022 पासून जवळजवळ चार वर्षं महापालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. आता पुन्हा नगरसेवक आले आहेत, आणि बाकांची मागणी नोंदवून घेत आहेत.

तरीही अध्यक्षांनी पत्र लिहिलंच. 'विषय: परिसराच्या स्वरूपाशी विसंगत बांधकामास तीव्र हरकत. संदर्भ: आमचे याच विषयावरील तोंडी बोलणे.' चार पानं, सहपत्रं अ ते ऊ, आंब्याचा फोटो, आंब्यासोबत काकूंचा फोटो. ते घेऊन शिष्टमंडळ महापालिकेत गेलं. खिडकीपलीकडच्या कारकुनाने पहिलं पान हातात घेतलं, आणि दुसरं न उलटताच पुढची ओळ म्हणून दाखवली, "परिसराच्या आत्म्यावरील घाला."

अध्यक्ष चमकले. कारकुनाने टेबलावरच्या ढिगातून दुसरं पत्र काढून शेजारी ठेवलं. शब्दन् शब्द तोच. मागच्या गल्लीतल्या इमारतीने दिलं होतं, आमच्या सोसायटीच्या नियोजित पुनर्विकासाविरुद्ध. मसुदा वहिनींनी व्हॉट्सॲपवर आपल्या मागच्या गल्लीतल्या बहिणीला पाठवला होता, 'छान लिहिलंय, वाच' म्हणून. तिकडे फक्त इमारतीचं नाव बदललं होतं, आणि आंब्याच्या जागी जांभूळ.

"साहेब," कारकून शिक्का मारता मारता म्हणाला, "दोन्हींना एकच उत्तर टाइप केलं तर चालेल का?"

अध्यक्षांनी दोन्ही पत्रं नीट वाचली, मागच्या गल्लीवाल्यांनी 'स्वरूप' ऱ्हस्व लिहिल्याचं त्याच्या नजरेस आणून दिलं, आणि खिडकीशी थोडं वाकून विचारलं, "आमच्या विरोधातलं आधी निकाली निघेल का?"